येऊरचे निळा माशीमार, नाचण आणि स्वर्गीय नर्तक एकाच कुळातले आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात एकाच फेरीत निळा माशीमार, नाचण आणि स्वर्गीय नर्तक असे तिघेही दिसले. तिघांच्याही जुन्या इंग्रजी नावात 'फ्लायकॅचर' आहे. घरातल्या जुन्या पुस्तकात तिघे एका कुळात आहेत, नव्या पुस्तकात तीन वेगळ्या कुळांत. मग खरं कोणतं?

नवं. या तिघांत माशीमार कुळातला फक्त निळा माशीमार. नाचण आणि स्वर्गीय नर्तक यांचं नातं कावळा, कोतवाल आणि खाटीक यांच्या बाजूचं आहे.

गावोगावी कुलकर्णी असतात, म्हणून ते सगळे एका घराण्यातले होत नाहीत. कुलकर्णीपण हे काम होतं. ते ज्या घराकडे आलं, त्या घराला ते आडनाव लागलं. 'फ्लायकॅचर' हे तसंच कामावरून पडलेलं नाव आहे. उडता किडा हवेत पकडायचा तर चोच बुडाशी रुंद आणि चपटी हवी, तोंडाभोवती मिशांसारखे राठ केस हवेत, नजर तीक्ष्ण आणि गिरकी चपळ हवी. हे काम ज्या ज्या पक्ष्यांनी पत्करलं, ते एकमेकांचे कुणी नसतानाही दिसायला सारखे होत गेले. अमेरिकेतही फ्लायकॅचर आहेत, शेकडो जातींचे, आणि ते तर आपल्या या तिघांपासून आणखी लांबचे आहेत.

जुन्या अभ्यासकांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांच्या हातात चोच, पिसं आणि सांगाडा एवढंच होतं. 1951 साली अर्न्स्ट मायर आणि डीन अमाडॉन या पक्षीशास्त्रज्ञांनी तर माशीमार, कस्तूर, सातभाई आणि वटवटे या सगळ्यांना एका अवाढव्य कुळात बसवलं. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरच्या दहा खंडांतही हीच मांडणी आहे, आणि तुमच्या घरचं पुस्तक बहुधा त्याच परंपरेतलं असणार. हे कुळ मोडलं ते डीएनएने. चार्ल्स सिब्ली आणि जॉन अल्क्विस्ट यांनी दोन जातींचे डीएनए तापवून त्यांचे धागे सुटे केले, एकमेकांत मिसळून पुन्हा जुळू दिले, आणि ही मिश्र जोडी किती तापमानाला सुटते ते मोजलं. नातं जवळचं असेल तर पकड घट्ट, म्हणजे सुटायला उष्णता जास्त लागते. 1990 सालच्या त्यांच्या ग्रंथात नाचण आणि नर्तक कावळ्यांच्या गोतावळ्यात गेले. त्यांची पद्धत पुढे मागे पडली, बरेच तपशील बदलले, पण डीएनएची अक्षरं थेट वाचता येऊ लागल्यावरही हा निष्कर्ष टिकला.

याचा अर्थ ठाणे स्टेशनच्या फलाटावर वडापावचे तुकडे टिपणारी साळुंकी ही निळ्या माशीमाराला नाचणापेक्षा जवळची आहे. साळुंक्या, कस्तूर आणि माशीमार ही एकाच मोठ्या फांदीवरची कुळं आहेत.

मला स्वतःला मात्र याहून मोठा धक्का बसला तो कुळाच्या आतली मांडणी वाचून. दयाळ, चीरक, थिरथिरा, गप्पीदास हे सगळे आता माशीमार कुळात आहेत. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्याकाठी भल्या पहाटे जो एखाद्या मुलाने रमतगमत शीळ घालत जावं तसा गातो, तो शीळकरी कस्तूरसुद्धा! नावाने कस्तूर, पण आता माशीमारांत. (शेंदरी डोक्याचा कस्तूर मात्र खरा कस्तूरच आहे.) साडेतीनशेच्या आसपास जातींचं हे कुळ चार उपकुळांत वाटलेलं आहे. 2010 साली जॉर्ज सँगस्टर आणि सहकाऱ्यांनी यातल्या बऱ्याच जातींचे अनेक जनुक ताडून पाहिले, तेव्हा 'माशीमार' आणि 'रॉबिन-गप्पीदास' अशी जुनी विभागणीच कोलमडली.

येऊरच्याच पक्ष्यांवर सांगतो. हिवाळ्यात पाटोणपाड्याकडे जाताना दोन छोटे पाहुणे हमखास भेटतात. एक तपकिरी माशीमार: डोळ्याभोवती पांढरट कडं, तासन् तास एकाच काटकीवर, झेप घ्यायची आणि पुन्हा तिथेच येऊन बसायचं. दुसरा लाल छातीचा माशीमार, पार पूर्व युरोपातून आलेला. बसला की शेपटी वर झटकतो, आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. दोघे शेजारच्या फांद्यांवर बसून तेच किडे खातात, पण उपकुळं वेगळी. तपकिरी माशीमाराचा जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्या सोसायटीच्या गच्चीवर गाणारा दयाळ. लाल छातीवाल्याचे सख्खे गप्पीदास आणि तो ओढ्याकाठचा शीळकरी कस्तूर. तुम्ही पाहिलेला निळा माशीमार या दोघांपेक्षा वेगळ्या, तिसऱ्या उपकुळात आहे. हे समजल्यापासून त्या वाटेवरचं प्रत्येक पाखरू मला नव्याने पाहावंसं वाटतं.

या तिसऱ्या उपकुळाची एक शाखा आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहे. निलगिरी आणि त्याखालच्या डोंगरांतल्या शोला रानांत राहणारे निळे रॉबिन पूर्वी भलत्याच पक्ष्यांबरोबर मांडले होते. 2017 साली व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासून त्यांना स्वतंत्र प्रजाती (जातीच्या वरचा, कुळाच्या आतला गट) दिली, 'शोलिकोला'. पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेला एक जात, दक्षिणेला दुसरी. मधला सखल, उष्ण पट्टा या थंड रानातल्या पाखरांना समुद्रासारखाच अडवतो.

जाती वेगळ्या होतात म्हणजे जनुकांत नेमकं काय होतं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. त्याचं उत्तर लाल छातीवाल्याच्या युरोपातल्या भाऊबंदांकडे आहे. चितकबरा माशीमार आणि पांढऱ्या गळपट्ट्याचा माशीमार बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड आणि ओलंड बेटांवर एकत्र राहतात आणि अधूनमधून त्यांची संकरित पिल्लं होतात. संकरित माद्या वांझ निघतात. पक्ष्यांत लिंगगुणसूत्रांची गोष्ट माणसाच्या उलट आहे: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. संकराचा फटका दोन वेगळी गुणसूत्रं असणाऱ्या लिंगाला आधी बसतो, म्हणून इथे माद्या. शिवाय जिथे या दोन जाती शेजारी राहतात, तिथे चितकबऱ्याचे नर काळे-पांढरे न राहता तपकिरी झालेत, म्हणजे मादीची जोडीदार निवडण्यात चूक होऊ नये.

2012 साली उप्साला विद्यापीठातल्या हान्स एलेग्रेन यांच्या गटाने या पक्ष्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला, सुमारे 110 कोटी अक्षरांचा. दोन जातींमधला फरक सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. तो साधारण 50 ठिकाणी, जनुकसंचातल्या जणू बेटांवर, एकवटला होता आणि काही ठिकाणी बाकीच्या भागाच्या 50 पट होता. आधी वाटलं, जाती वेगळ्या ठेवणारी जनुकं याच बेटांवर असणार. पण 2015 साली त्याच गटाला दिसलं की यातली बरीच बेटं गुणसूत्रांच्या ज्या भागांत आईकडच्या आणि वडिलांकडच्या तुकड्यांची अदलाबदल कमी होते, तिथे आपोआपच तयार होतात. त्यामुळे फरक मोठा दिसला म्हणून तोच जाती तोडणारा, असं धरून चालत नाही.

पुस्तकांबद्दल म्हणाल तर जुनं फेकू नका. पक्षी ओळखायला ते आजही उत्तम आहे, फक्त नातीगोती नव्यातून घ्या. आणि डीएनएशिवाय डोळ्यांना दिसणारी एक खूण हवी असेल तर मे-जूनमध्ये दयाळाचं नुकतं घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू शोधा. मागच्या वर्षी आमच्या इमारतीच्या कुंपणावर एक बसलं होतं. आखूड शेपटी, चोचीच्या कोपऱ्यात अजून पिवळं, आणि छातीवर तांबूस-तपकिरी ठिपक्यांची जाळी. अशीच ठिपकेदार पिल्लं निळ्या माशीमाराचीही असतात. नर्तकाच्या पिल्लाच्या छातीवर ते ठिपके नसतात.