लेप्टोच्या गोळीने मळमळतं, काय करावं?
भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा तापाचा आजार) होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेली डॉक्सीसायक्लिन (२०० मिलिग्रॅम) घेतली की पोटात ढवळतं, असं तुम्ही विचारलंय. आपल्याकडे बहुतेक जण पहाटे उपाशीपोटी, घोटभर चहाबरोबर ती गिळतात आणि तडक शेतावर जातात. हे औषध अन्ननलिकेला आणि जठराला झोंबतं, त्यात वाकून लावणी केली की ते वर येतं.

म्हणून गोळी रात्री घ्या. आधी उकड्या तांदळाची पेज किंवा मऊ भात पोटभर, मग गोळी आणि पेलाभर पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, आडवं होऊ नका. त्या जेवणात तिखट कालवण आणि सोलकढी टाळलेली बरी. दूध, अँटासिड (आम्लपित्तावरचं औषध) किंवा लोहाची गोळी मात्र सोबत नकोच. त्यांनी औषध नीट शोषलं जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आल्याचा तुकडा चघळून काहींना बरं वाटतं.

गोळी लगेच उलटून पडली तर मनानेच दुसरी घेऊ नका, आरोग्य केंद्रात विचारा. गरोदर बाईला हीच गोळी देऊ नका, तिच्यासाठी डॉक्टर वेगळं सांगतील.

आणि कळकळीने सांगतो, मळमळीसोबत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल किंवा पिवळे होणं असं काही असेल तर गोळीला दोष देत घरी थांबू नका. तो लेप्टोच असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.