पार्किंगमधली जीप आणि मोडलेली एफडी

प्रश्न : मी पुण्यात वारज्याला राहते, वय ४८. यजमान ५३ वर्षांचे, भोसरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये आहेत. पूर्वी कानस मारून डाय बसवायचे, आता दिवसभर संगणकासमोर बसून असतात. सासऱ्यांची १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप ते गेल्यावर आम्ही सासवडजवळच्या गावाहून इथे आणली. चार वर्षं झाली, ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलून पडली आहे. दर दसऱ्याला हे तिला झेंडूचा हार घालतात, पण गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरत नाही. मध्येच एक येझदी मोटारसायकल आली, तीही खोलली. मग गावच्या विहिरीवरचं किर्लोस्करचं जुनं इंजिन टेम्पोत घालून आणलं. या दिवाळीच्या तोंडावर एक छोटा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेतला, तो ड्राय बाल्कनीत आहे. त्यासाठी ८०,००० रुपयांची एफडी मोडली. मला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. सोसायटीने नोटीस लावली आहे. शेजारचे म्हणतात, पंधरा वर्षांवरची डिझेल गाडी आता बंदच आहे, भंगारात द्या. हे म्हणतात, व्हिंटेजमध्ये नोंदवू, बोलेरोचं इंजिन टाकू. मी तोंड उघडलं की भांडण. ती जीप मलाही परकी नाही, गाडी चालवायला मी तिच्यावरच शिकले, सासऱ्यांनीच शिकवलं, आणि माझं लायसन्स आजही चालू आहे. पण आता वाटतं, सगळं विकून टाका म्हणावं. म्हणू का?

उत्तर : ताई, आत्ता तरी म्हणू नका. रागाच्या भरात ‘सगळं विका’ म्हटलं की समोरचा माणूस सगळंच धरून बसतो. मग खरोखर विकायला हवी अशी वस्तूसुद्धा घरातून हलत नाही.

आधी एफडीचं बोलते, कारण तुम्हाला लागलंय ते तिथे. ८०,००० ही रक्कम मोठी की लहान, हा प्रश्न नाही. घरातली ठेव मोडली हे नवऱ्याने सांगायच्या आधी बँकेने सांगितलं, ही गोष्ट साधी नाही. ती गिळून टाकू नका. पण ती काढताना जीपचं नाव घेऊ नका. ‘तुमच्या त्या भंगारापायी’ असं एकदा तोंडून गेलं की बोलणं सासऱ्यांच्या गाडीवर जातं, आणि त्या गाडीची बाजू ते जीव तोडून मांडणार. मूळ मुद्दा राहतो बाजूला. रविवारी सकाळी चहानंतर पासबुक घेऊन टेबलाशी बसा. ते पार्किंगमध्ये हात काळे करून बसलेले असताना मात्र नको. एवढंच सांगा, की ठेवीला हात लावण्याआधी दोघांनी बोलायचं, आणि या कामांसाठी दरमहा ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. त्या खात्यात पैसे नसतील त्या महिन्यात नवीन काही येणार नाही. यावर मी अडून बसेन, तुम्हीही बसा.

आता यंत्रांचं. माझ्या वडिलांचं नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान होतं. जुना बुश, म्हणजे सांध्यात बसणारी झिजकी नळी, फडक्यात गुंडाळून ‘याच्या मापाचा द्या’ म्हणत येणारी माणसं पाहतच मी मोठी झाले. त्यातल्या बहुतेकांची गत तुमच्या यजमानांसारखीच असायची. आळस हे त्याचं कारण नव्हे. गाडी खोलायला दुसरं कोणी लागत नाही, एका दुपारी ती खोलून होते. जोडताना मात्र दहा जणांवर अवलंबून राहावं लागतं. इंजिनचं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलेलं असतं, पत्र्याचं काम करणारा टिंकरवाला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश चुकीच्या मापाचे निघतात. काम अडतं. हात रिकामे राहतात. मग तेवढ्या वेळात करू म्हणून दुसरं काहीतरी आणलं जातं, आणि तेही खोलण्यापर्यंत छान चालतं. ज्या माणसाने आयुष्यभर लोखंडाला आकार दिला आणि आता त्याच्यासमोर नुसता पडदा उरलाय, त्याला रिकामे हात सोसत नाहीत. ही गोष्ट तुम्ही समजून घ्या, कारण आता जे सुचवतेय त्यात त्यांना कामाशिवाय ठेवायचं नाही, तर एकच काम शेवटाला न्यायला लावायचं आहे.

ते काम जीपचं. तिला प्रेमापोटी पहिला नंबर देत नाहीये, तिच्या कागदाला तारीख आहे म्हणून देतेय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आरसी बुक काढा आणि मुदत कधी संपली ते बघा. संपली असेल तर रस्त्यावर आणण्याआधी ते करावंच लागेल, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसीसकट, आणि त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न ठीक हवेत. यातूनच त्यांच्यापुढचं लक्ष्य ठरतं. जीप नव्यासारखी चकचकीत व्हायची गरज नाही. ती तपासणीत पास व्हावी, एवढंच. चार वर्षं कामं लोंबकळली ती बहुधा यासाठीच, की त्यांच्या डोळ्यासमोर पूर्ण झालेली, रंगवलेली जीप आहे, आणि तिथवर जायला इतकं काही बाकी आहे की सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही.

शेजाऱ्यांचं ऐकू नका. वयावरून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालणारे ते आदेश दिल्ली परिसरासाठी होते. पुण्यात तपासणीत पास होणारी जुनी गाडी चालवता येते. पण यजमानांचंही दोन बाबतीत चुकतंय, आणि ते तुम्ही त्यांना शांतपणे दाखवा. व्हिंटेज म्हणून नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले. त्यांना गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते, म्हणजे तुमच्या जीपची पाळी २०४१ नंतर. शिवाय तसा नंबर मिळालेली गाडी रॅली, प्रदर्शन अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते, रोज गावाला न्यायला ती चालत नाही. आणि बोलेरोचं इंजिन नकोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्या जीपचं मूळ इंजिन प्यूजोच्या रचनेचं, २११२ सीसीचं डिझेल. ओळखीचं इंजिन आहे, जुन्या मिस्त्रींना ते तोंडपाठ आहे. तेच उभं करा.

कामाचा क्रम यजमानांना माहीत असणार, तरी लिहिते, कारण हौसेच्या कामात नेमका तोच उलटा होतो आणि रंगाचे डबे आधी येतात. पहिला ब्रेक. गाडी एवढी वर्षं उभी राहिली की व्हील सिलिंडरचं रबर फुगतं, पिस्टन गंजून जागेवर बसतो, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिऊन खराब होतं. चारही ड्रम उघडून हे बघायला हवं, नुसतं नवं तेल घालून भागत नाही. मग डिझेलची टाकी. तळाला पाणी साठतं, पत्र्याला गंज चढतो, आणि न धुता स्टार्टर मारला तर तो गाळ फिल्टर तुंबवतो आणि पुढे पंप आणि नोझलपर्यंत जाऊ शकतो. तो खर्च ब्रेकच्या खर्चाहून जड पडतो. नंतर स्टिअरिंग, मग वायरिंग. पत्रा शेवटून दुसरा, रंग अगदी शेवटी.

पत्र्याची एक परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरने पेडलच्या खालचा कोपरा, मग सीटच्या पुढची कड, थोडी जोर लावून टोचा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. टोक आत गेलं आणि तपकिरी पापुद्रे निघाले, तर तिथे रंगाचा पैसा घालणं म्हणजे पैसा पाण्यात. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. हे तुम्ही करून पाहिलंत आणि त्यांना येऊन सांगितलंत, तर मला वाटतं चार वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीबद्दल तुमचं भांडण न होता बोलणं होईल.

कारण पत्राच्या शेवटाकडे तुम्ही जे घाईत लिहून गेलात, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही त्याच जीपवर शिकलात. हे यजमानांना माहीत असेलच, पण ती जीप सुरू व्हावी असं तुम्हालाही वाटतं, हे तुम्ही त्यांना अलीकडे कधी सांगितलंय का? त्यांच्या कानावर तक्रारच येत असेल, तर घरात ही गाडी आपल्या एकट्याचीच आहे असं ते धरून चालणार, आणि एकट्याच्या गोष्टीसाठी माणूस एफडीही गुपचूप मोडतो. मी त्याचं समर्थन करत नाही. पण तुम्ही मालकीण म्हणून त्या कामात उतरा, मदतनीस म्हणून नको. सुट्या भागांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं, काय कोणाकडे कधी दिलं याची वही ठेवणं, टिंकरवाल्याला फोन करणं, हे तुम्ही घ्या. आणि तपासणीला जाताना स्टिअरिंगवर तुम्ही बसणार, हे आजच सांगून टाका.

बाकीची तीन कामं बंद करायची. नुसती बाजूला सारून चालणार नाही, नीट मिटवायची. येझदीचं इंजिन अजून जागेवर असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून किक हलकेच फिरवा, सुटे भाग एका खोक्यात घाला आणि वर सुती चादर टाका. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी या गाड्यांना जपणारी माणसं पुष्कळ आहेत. ती दोन वर्षं थांबली म्हणून बिघडत नाही. किर्लोस्करचं इंजिन पुन्हा गावी जाऊ दे. खडकीच्या कारखान्यातली ही यंत्रं विहिरीवर राबायला जन्मली आहेत. पाणी पूर्ण काढून, तेल लावून ते विहिरीच्या खोलीत ठेवा, तिथे निदान त्याला छप्पर आहे.

लेथबद्दल माझं मत त्यांना आवडणार नाही. तो परत विकावा. यंत्र वाईट आहे म्हणून नव्हे. लेथला सपाट, भक्कम जमीन लागते, बाल्कनीच्या स्लॅबवर तो कंप घेणार आणि खालच्या मजल्यावरून दुसरी तक्रार येणार. जीपला लागणारे बुश नाना पेठेत तयार मिळतात, एखादा खास घडवायचा झाला तर भोसरीत त्यांच्याच ओळखीचे डझनभर लेथवाले असतील. विक्रीचे पैसे एफडीत जावेत. हे त्यांना दुखेल, मला कल्पना आहे. म्हणून हा निर्णय पासबुकाच्या त्याच बैठकीत त्यांच्या तोंडून यावा, तुम्ही सुचवून गप्प बसा. त्यांनी दोन दिवस मागितले तर द्या.

सोसायटीच्या नोटिशीला उत्तर लेखी द्या, आणि लगेच द्या. लिहा, की येझदी आणि इंजिन महिन्याभरात पार्किंगमधून हलवतो, जीपखाली ट्रे ठेवून तेल सांडू देणार नाही, आणि जीप मेअखेर स्वतःच्या चाकांवर उभी असेल. मेअखेर यासाठी, की जूनपासून उघड्या पत्र्याचं काही खरं नाही. ताडपत्री घट्ट बांधली तर आत ओल कोंडते आणि गंज वाढतो, सैल बांधली तर पाणी शिरतं. आता डिसेंबर ते मे हे कोरडे महिने हातात आहेत. मे उलटूनही काम राहिलं तर जीप टोइंग करून गावच्या शेडमध्ये न्यायची, आणि उरलेलं काम तिथे करायचं. हेही पत्रात लिहा आणि खाली दोघांनी सह्या करा.