लॅब्रॅडॉरची खाज आणि सीबीडी तेल

प्रश्न : पावसाळा लागला की आमचा लॅब्रॅडॉर पंजे चाटून चाटून लाल करतो. डॉक्टरांनी त्वचेची ॲलर्जी असल्याचे सांगितले आहे. गांजाच्या झाडापासून काढलेले सीबीडी तेल द्यावे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सीबीडी हा त्या झाडातील नशा न आणणारा घटक असून, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत त्याने काही कुत्र्यांची खाज कमी झाली, मात्र त्वचेवरील चट्ट्यांत फारसा फरक पडला नाही आणि काहींच्या रक्तात यकृताशी संबंधित एक एन्झाइम वाढलेले आढळले. त्यामुळे हे तेल फार तर पूरक उपाय ठरते, तेही पशुवैद्यकाने रक्ततपासणी करून मात्रा ठरवली तरच. टीएचसी हा नशा आणणारा घटक कुत्र्यांना लवकर बाधतो. कुत्रे झोकांड्या खाते, गुंगीत पडते, नकळत लघवी करते. माणसांसाठीच्या तेलात तो असू शकतो, म्हणून ते देऊ नये. महाशिवरात्रीची उरलेली भांग तर मुळीच नको. पिसवा, गोचीड, खरूज आणि बुरशी यांची तपासणी झाली नसल्यास ती आधी करून घ्यावी. ॲलर्जीच्या खाजेवर ऑक्लासिटिनिबसारखी औषधे अधिक भरवशाची आहेत. रंकाळ्यावरून फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी.