अ‍ॅप हिरवे दिवस दाखवतंय, मग थांबायचं कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं वय ३१, चार वर्षं झाली टाइप २ डायबेटीस आहे. मेटफॉर्मिन आणि बीपीची एक गोळी चालू आहे, मागच्या महिन्यात एचबीए१सी (सरासरी साखरेची टेस्ट) ७.९ आलं. आम्हाला आता बाळ हवंय म्हणून मी पाळीचं अ‍ॅप घेतलंय, ते गर्भ राहण्याचे दिवस हिरव्या रंगात दाखवतं, आणि शुगरचं अ‍ॅप वेगळं आहेच. पाळी मात्र कधी ३० दिवसांनी येते तर कधी ४५. या महिन्यापासून अ‍ॅपप्रमाणे ट्राय केलं तर चालेल ना?

उत्तर : आधी विचारलंत हे फार बरं केलंत. बऱ्याच जणी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर येतात, आणि बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांतच बंद होते, हृदयही त्याच सुमारास घडत असतं, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन डॉक्टर गाठेपर्यंत बरंचसं काम होऊन गेलेलं असतं. त्या दिवसांत साखर वाढलेली असेल तर गर्भपाताचा आणि जन्मजात दोषांचा धोका वाढतो.

म्हणून या महिन्यात नको. एचबीए१सी ६.५ च्या खाली आणायचं, पण साखर एकदम खाली जाऊन चक्कर-घाम असं काही न होता. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे फरक दिसायलाही तेवढा वेळ लागतो, तोवर गर्भनिरोधक चालूच ठेवा. आणि हिरवे दिवस टाळले म्हणजे झालं असं बिलकुल समजू नका, अ‍ॅप मागच्या पाळ्यांवरून अंदाज बांधतं आणि तुमच्यासारखी पाळी मागेपुढे होत असेल तर तो अंदाज सहज आठवडाभर चुकतो. पीसीओएस, म्हणजे पाळी मागेपुढे करणारा हार्मोन्सचा त्रास, आहे का तेही एकदा बघून घ्या, त्यात ओव्हुलेशनच्या (अंडं कधी बाहेर पडतं ते सांगणाऱ्या) स्ट्रिप्सही फसवतात.

शुगरचं अ‍ॅप मात्र खरंच कामाचं आहे, फक्त त्याची सेटिंग उघडून बघा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ७० ते १८० ही रेंज आधीच भरलेली असते, म्हणजे जेवणानंतर १७० आली तरी स्क्रीनवर सगळं छान दिसतं, आणि गरोदरपणात तर उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत असं बघतो आम्ही! आत्ता कुठली रेंज ठेवायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मग रीडिंग टाकताना बाजूला दोन शब्द लिहा, झोप झाली नाही, गोळी राहिली, जेवायला उशीर झाला, जे असेल ते. औषध बदलताना आम्हाला नुसत्या आकड्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो. अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी चुकीचं येऊ शकतं, तेव्हा तर याच रीडिंगवर भिस्त असते.

जे कुठलंच अ‍ॅप करणार नाही ते आता. बीपीच्या गोळीच्या नावात शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आहे का बघा, असेल तर ती गर्भाला घातक आहे, बदलून घ्यावी लागेल, पण मनाने बंद करू नका. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही दाखवा. मेटफॉर्मिन बऱ्याचदा चालू ठेवता येतं. फॉलिक अ‍ॅसिड आत्तापासूनच सुरू करायचं, डायबेटीसमध्ये अनेकदा ५ मिलिग्रॅमचा मोठा डोस देतात, तो प्रिस्क्रिप्शननेच घ्या. किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासा, आणि डोळ्यांचा पडदा तर नक्की, कारण साखर झपाट्याने खाली आली की पडद्याचा त्रास कधी कधी वाढतो.

आणि मध्येच पाळी लांबली तर ‘अ‍ॅपचा अंदाज चुकला असेल’ म्हणून वाट बघत बसू नका, लगेच टेस्ट करा, आणि पॉझिटिव्ह आली तर त्याच आठवड्यात सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा.