फुलीच्या जागी ‘आर’ का दिसतो?

प्रश्न : अमळनेरला माझे टायपिंगचे दुकान आहे. तेथील विंडोज ९८ च्या संगणकावर खिडकी बंद करण्याच्या फुलीऐवजी इंग्रजी ‘आर’ आणि शेजारी शून्य व एक हे आकडे दिसू लागले आहेत. हा व्हायरस असेल का?

उत्तर : व्हायरसची भीती बाळगू नये; बहुधा ‘मार्लेट’ हा फॉन्ट संगणकाला सापडत नसावा. विंडोज ९५ पासून या बटणांवरील खुणा चित्रांच्या फाइलींतून येत नाहीत, तर मार्लेटमधून अक्षरांप्रमाणे उमटतात : त्यात लहान ‘आर’च्या जागी फुली, शून्याच्या जागी खिडकी लहान करण्याची आणि एकच्या जागी मोठी करण्याची खूण बसवलेली आहे. फॉन्ट हरवला की उघडी अक्षरेच समोर येतात. युनिकोड (सर्व लिपींतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी सामायिक पद्धत) येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जी अक्षरांची खिचडी दिसते, ती आपण रोज पाहत असाल. कारण तेच आहे.

खुणांसाठी फॉन्ट वापरण्याची युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण अक्षराची बाह्यरेषा गणिताने साठवलेली असल्यामुळे बटण कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत आणि रंगही सहज बदलता येतो. पुढे विंडोज १० मध्ये ‘सेगो एमडीएल२ ॲसेट्स’ फॉन्ट आला; त्यातील खुणा युनिकोडने खासगी वापरासाठी राखलेल्या जागांवर असल्याने तेथे अक्षरांशी गल्लत होत नाही.

संगणक एकदा सेफ मोडमध्ये (बिघाड शोधण्यासाठीच्या, मोजक्याच सोयी चालू ठेवणाऱ्या अवस्थेत) सुरू करून मग नेहमीप्रमाणे सुरू करावा. तरीही फरक न पडल्यास त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावरून मार्लेटची फाइल आणून फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवावी.