क्लाससाठी बोर्ड: ८ × ४ साधा की ६ × ४ सिरॅमिक?

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी: आठवी ते दहावीचा क्लास, २२ फूट लांब खोली, डाव्या भिंतीला मोठी खिडकी. जेवढ्या पैशांत ८ × ४ फुटांचा साधा व्हाइटबोर्ड येतो, तेवढ्यातच ६ × ४ चा सिरॅमिक मिळतोय आणि भाचा म्हणतो काचेचा घ्या. शाळा आणि ऑफिसांत बोर्ड बसवण्याच्या अनुभवावरून सांगतो, ६ × ४ सिरॅमिकच घ्या.

साधा म्हणून विकतात तो बहुतेक मेलामाइनचा असतो. खाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड आणि त्यावर रेझिनमध्ये भिजवून दाबून बसवलेला कागद. नवा असताना तो छान पुसला जातो. पण रोज तीन-चार बॅचेस आणि तासाला दोन-तीनदा पुसणं सुरू झालं की वरचा थर घासतो, बारीक छिद्रं उघडी पडतात आणि शाईतला रंग त्यांत जाऊन बसतो. मग सकाळच्या बीजगणिताच्या सावलीवर संध्याकाळी भूमिती लिहावी लागते. शेवटच्या बाकावरच्या मुलाला उणे चिन्ह कुठलं आणि जुन्या शाईची रेघ कुठली हे कळत नाही, तो जे दिसेल ते उतरवून घेतो. पुढे गणित चुकलं की बोलणी त्यालाच बसतात. हे मला अजिबात पटत नाही, म्हणून क्लासला मेलामाइन नको म्हणतो. घरी अभ्यासाला किंवा दिवसातून एकदा वापरायच्या छोट्या ऑफिसला तो चालेल.

सिरॅमिक बोर्ड म्हणजे पोलादी पत्र्यावर काचेसारखा थर देऊन ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला. जुन्या इनॅमलच्या परातीवर असायचा तोच मुलामा. त्याला छिद्रं नसल्यामुळे शाई वरच राहते. कितीतरी उत्पादक या पृष्ठभागाला २५ वर्षांची हमी देतात.

दुकानात एक काळजी घ्या. मधला एक प्रकार नुसता रंग दिलेल्या पत्र्याचा असतो आणि चुंबक त्यालाही चिकटतो. त्यामुळे ‘मॅग्नेटिक आहे’ एवढ्यावर सिरॅमिक समजू नका. नमुन्याचा तुकडा मागा आणि त्यावर नाण्याची कड दाबून ओढा. रंगाच्या पत्र्यावर चरा पडतो. सिरॅमिकवर करडी रेघ उमटते, ती नाण्याच्याच धातूची असते आणि चोळली की निघून जाते. नमुना द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका.

काच पुसायला उत्तम, यात वाद नाही. पण ६ मिमी जाडीची ६ × ४ ची काच ३३ किलोच्या घरात जाते, साधे चुंबक तिच्यावर टिकत नाहीत आणि तुमच्या खिडकीमुळे ती आरशासारखी चमकेल. मीटिंग रूममध्ये ठीक आहे.

चमक सिरॅमिकलाही थोडी असतेच. भोकं पाडण्याआधी भिंतीवर बोर्डाच्या जागी आरसा सपाट धरायला सांगा आणि स्वतः प्रत्येक कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघा. जिथून आरशात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसते, तिथल्या मुलाला अक्षर दिसणार नाही. आरसा थोडा सरकवून पाहा, नाहीतर खिडकीला पडदा लावा.

आता आकार. दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर हा ढोबळ हिशोब. तुमच्या शेवटच्या बाकासाठी सव्वादोन इंच लागेल, आणि जोडाक्षरं किंवा रासायनिक सूत्रांतले खालचे आकडे असतील तर त्याहून मोठं. बोर्डाचा खालचा फूटभर भाग पुढच्या मुलांच्या डोक्यांआड जातो. उरलेल्या तीन फुटांत, चार इंचांची एक ओळ धरली तर, नऊ ओळी बसतात. आठ फुटी बोर्डावरही ओळी नऊच येतात, फक्त लांब होतात. रुंदी कमी पडलीच तर पुढच्या वर्षी शेजारी दुसरा जोडता येईल. म्हणून आज पृष्ठभागात तडजोड नको. खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा. वरच्या ओळीला हात पुरत नसेल तर सहा इंचांचा प्लॅटफॉर्म करून घ्या, बोर्ड मात्र आहे त्याच उंचीवर ठेवा.

विटांच्या भिंतीत प्लग आणि स्क्रू पुरतात. जिप्समचं पार्टिशन असेल तर मागे आधार दिल्याशिवाय लावू देऊ नका. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. बोर्डावरचं पातळ प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. काही ठिकाणी महिनोन्‌महिने त्या प्लास्टिकवरच लिहितात आणि बोर्ड पुसला जात नाही म्हणून तक्रार करतात.

मार्कर रिफिलचे घ्या, आडवे ठेवा. लांबच्या मजकुराला काळा आणि निळा वापरा. लाल-हिरव्याच्या फरकावर काही समजवू नका, तो फरक न दिसणारा मुलगा वर्गात असू शकतो. चुकून परमनंट मार्कर चालला तर त्याच्यावरूनच बोर्ड मार्कर फिरवा आणि ओला असतानाच पुसा, निघतो. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा आणि डस्टर धुऊन वाळवा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मात्र साध्या किंवा रंगाच्या बोर्डाला लावू नका, वरचा थरच खराब होतो.

खिडकी बोर्डाच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे ते कळवा, मग पडदा लागेल की जागा बदलून भागेल ते सांगतो.