लॅसिक्ससोबत अल्डॅक्टोन असेल तर शहाळं आजच थांबवा

ताई, सासूबाईंच्या पायांची सूज उतरत नाही म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवून साठलेलं पाणी काढणारी गोळी) अर्धी गोळी वाढवू का, आणि अशक्तपणासाठी रोज शहाळं देतोय ते चालेल ना, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही दिलेल्या औषधांच्या यादीत रॅमिप्रिल (बीपी आणि हृदयाची गोळी) आणि अल्डॅक्टोन दोन्ही दिसलं आणि पोटात धस्स झालं. मी डॉक्टर नाही, बाबांची औषधं चार वर्षं सांभाळली एवढंच. पण आधी शहाळं बंद करा आणि उद्या सकाळीच पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) रक्तातून करून घ्या. गोळी वाढवायचं नंतर बघू.

बाबांचं हृदय कमजोर होतं. सुरुवातीला रॅमिप्रिल आणि लॅसिक्स. लॅसिक्स लघवीतून पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर टाकतं. त्यांचं ३.१ पर्यंत उतरलं, तेव्हा ते भरून काढायला डॉक्टरांनीच शहाळं, केळी द्यायला सांगितलं होतं. पुढे दम वाढला, अ‍ॅडमिट केलं आणि घरी सोडताना अल्डॅक्टोनची भर पडली. ही गोळीही लघवीचीच, पण हिचं काम उलटं, ती पोटॅशियम धरून ठेवते. रॅमिप्रिलनेही ते वाढतं. हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं ओळीने छापलेली, कुठली कशासाठी याचा एक शब्द नाही. काउंटरवर विचारलं तर "सगळं कार्डावर आहे". दोन दिवसांनी वॉर्डात फोन करून खाण्यापिण्याचं विचारलं, उत्तर आलं, "नॉर्मल डाएट, मीठ कमी."

मीठ कमी म्हणून मी दुकानातून लो सोडियम मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, हे पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नाही. वर रोजचं शहाळं चालूच. सतराव्या दिवशी बाबांना खुर्चीतून उठता येईना, नाडी ४४. पोटॅशियम ६.८ निघालं (साधारण ३.५ ते ५ हवं). कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, चार दिवस आयसीयू. अल्डॅक्टोन सुरू केल्यावर साधारण आठवड्याने आणि मग महिन्याने रक्त तपासायचं असतं. ती एक ओळ कार्डावर छापायला काय लागत होतं? आजही आठवलं की संताप होतो.

गोळी वाईट नाही, गैरसमज नको. १९९९ च्या मोठ्या चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये तिने मृत्यू ३० टक्के कमी केले होते. मनाने बंद करू नका, आणि लॅसिक्सही मनाने वाढवू नका.

सूज का उतरत नाही ते बघा. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का? त्याने घोट्याला येणारी सूज लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही, डॉक्टरांना औषध बदलता येईल का ते विचारा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतात का? त्या शरीरात पाणी साठवतात, लॅसिक्सचा जोर कमी करतात आणि या औषधांबरोबर किडनीलाही जड जातात. पापड, लोणचं, फरसाण मोजा, भाजीतलं मीठ कमी करून ते चालूच राहिलं तर उपयोग नाही.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी विचारा, लघवीच्या आणि बीपीच्या गोळ्या बहुतेकदा काही दिवस थांबवाव्या लागतात. लॅसिक्सचा दुसरा डोस असेल तर तो दुपारीच द्या, गोळीचा जोर सहा तास टिकतो. आमच्याकडे संध्याकाळी दिल्यावर बाबा रात्री चारदा उठायचे आणि एकदा बाथरूमच्या दारात पडले.

पाय गळून जाणं, नाडी मंद होणं, छातीत धडधड किंवा आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या. कार्ड आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत ठेवा. स्वयंपाकघरातलं मिठाचं पाकीटही आत्ताच उलटं करून वाचा.